सहा महिन्यांचा आराम

ज्यांचे पाय अचानक गेले आहेत आणि जे आत्ता कुठल्या तरी खाटेवर आढ्याकडं बघत पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धीर देण्यासाठी नाही. धीर द्यायला माणसं रोज येतात, खाटेच्या कडेला बसून चहा पितात आणि जाताना दाराबाहेर हळू आवाजात "कठीण दिसतंय" म्हणतात. ते आपल्याला ऐकू येतं. पाय गेले तरी कान शाबूत असतात, हे भेटायला येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

मी कळंबचा. आजारी पडलो तेव्हा पन्नाशी गाठली होती. घरापासून साडेचार मैलांवर एका खेड्यात दोन मास्तरांची शाळा होती, तिथं मी मुख्याध्यापक. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. माझं स्वतःचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. राज्य बदललं, शाळा मराठी झाली आणि मी शुद्ध मराठीच्या मागं असा हात धुऊन लागलो की पोरं मला पाहिलं की तोंड मिटून घेत. कुणी 'दवाखान्यात दाखल झाला' म्हटलं तरी 'दाखल' हा उर्दूतला म्हणून मी त्याला थांबवून दुसरा शब्द सांगत असे. हा माझा स्वभाव होता. अजूनही थोडा आहे.

तरुणपणी मी शाळेला सायकलवर जात असे. मुख्याध्यापक झालो आणि धोतराला चिमटे लावून पायडल मारणं शोभेना, म्हणून सायकल गोठ्यात उभी केली. जाण्यायेण्याला एका गाडीवानाशी ठरवून टाकलं. दहा वर्षांत पोट सुटलं, जिना चढताना धाप लागू लागली. बायको म्हणायची, जरा चालत जा. मी म्हणायचो, हेडमास्तर चालत आला तर पोरं काय शिकतील.

*

गौरी उठल्या त्या आठवड्यात ताप आला. चार दिवसांनी उतरला. पाचव्या दिवशी तळव्यांना मुंग्या आल्या, सहाव्या दिवशी धोतर नेसताना डावा गुडघा मुडपला आणि मी भिंतीला टेकलो. सातव्या दिवशी सकाळी उठायला गेलो तर कमरेखाली माझं काही नव्हतं.

माझा धाकटा भाऊ नामदेव, आम्ही त्याला नामा म्हणतो, शेत बघतो. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही, आमच्यातच राहिला. त्या सकाळी तो मला पाठीवर घेऊन मोटारस्टँडपर्यंत गेला. बाजाराचा दिवस होता. माझे विद्यार्थी, त्यांचे बाप, सगळे बघत होते. मी डोळे मिटून घेतले.

धाराशिवला दवाखान्यात मोठे डॉक्टर हैदराबादकडचे होते. उंच, सावकाश बोलणारे, उर्दू त्यांची फार गोड. त्यांनी टाचणी काढली आणि माझ्या तळव्याला टोचत विचारलं, कळतंय का? मी म्हणालो, कळतंय. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठं टोचली? मला सांगता येईना. डॉक्टरांनी टाचणी कोटाला लावली आणि म्हणाले, पायाच्या नसा सुजल्यात, मास्तर. खोटं बोललो ते त्यांनी मनावर घेतलं नाही. मला मात्र आजतागायत लाज वाटते.

नसा सुजल्या म्हणजे काय, बऱ्या होतात का, किती दिवसांत, यातलं मी काहीच विचारलं नाही. ज्याला भीती वाटते तो विचारत नाही.

*

दवाखान्यातला दिवस फिनेलच्या वासानं सुरू होतो. मग दूध. मग सुई. मग बायको बाहेर लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजून आणायची. तिथं जिल्हाभरातल्या बायकांच्या चुली मांडलेल्या असत. कुणाचा माणूस सुटला, कुणाचा गेला, हे तिला आधी कळे आणि मला तिच्या चेहऱ्यावरून. ज्या दिवशी ती ताट ठेवून लगेच बाहेर जाई, त्या दिवशी आमच्या ओळीतली एक खाट रिकामी झालेली असे.

शेजारच्या खाटेवर अणदूरचा एक म्हातारा होता, हात मोडलेला. त्याच्या कनवटीला खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी असे. रोज सकाळी तो उठून माझ्या पायाशी बसे आणि एका हातानं भंडारा लावून माझे तळवे, पिंढऱ्या, गुडघे असे काही रगडे की खाट करकरायची. मी दोन-तीनदा त्याला फटकारलं. म्हणालो, देवानं पाय चालत असते तर दवाखाने कशाला बांधले असते. तो म्हणाला, "गुर्जी, तुमचं ग्यान तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पाय मला द्या." आणि पुन्हा रगडायला लागला. तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, त्या सबंध वर्षात माझ्या पायांचं भलं कुणी केलं असेल तर त्या म्हाताऱ्यानं.

दिवाळीच्या तोंडावर मला घरी सोडलं. राज्याची फेररचना होऊन डॉक्टरांची हैदराबादकडं बदली झाली होती, त्यांचंही सामान बांधून व्हरांड्यात ठेवलेलं होतं. दोन माणसं मला उचलून गाडीत घालत होती, तेवढ्या वेळात डॉक्टर नामाशी बोलले. मी लांबून त्यांची मान हलताना पाहिली. गाडी चालू झाल्यावर नामानं मला सांगितलं. सहा महिने आराम करायचा. मग सायकलसुद्धा चालवाल, असं म्हणले.

सायकलचं ऐकून मला वाईट वाटलं. माणूस जाता जाता थट्टा करून गेला असं वाटलं.

*

नामानं तो आराम ज्या निष्ठेनं पार पाडला तशी निष्ठा मी देवळात पाहिलेली नाही. माझ्या खाटेखाली त्यानं विटा घातल्या, म्हणजे मला उचलताना त्याला वाकावं लागू नये आणि मला हिसका बसू नये. परसाकडं पाठीवर, न्हाणीत पाठीवर. पाय उशांच्या मध्ये बसवलेले, वर गोधडी. कुणी पाहुणा पायाशी बसला तर तो त्याला उठवी. पेरणी त्यानं दुसऱ्याकडून करून घेतली. बायकोनं एकदा तेल लावून पाय चोळायला घेतले तर तिच्यावरही तो बोलला, आणि नामा वहिनीला बोलल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या महिन्यात, संक्रांत होऊन गेल्यावर, एका दुपारी माझा उजवा अंगठा हलला. मी बघत राहिलो. पुन्हा हलवला, हलला. मी ओरडून दोघांना बोलावलं. बायको रडायला लागली. नामा खाटेपाशी आला, दोन्ही हातांनी तो अंगठा झाकला आणि म्हणाला, "हलवू नगा, दादा. अजून तीन म्हैने ऱ्हायलेत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी अंगठा हलवायचं थांबवलं. पन्नास वर्षांचा माणूस, शिकलेला, मला एकदाही वाटलं नाही की हलतोय तर हलवून बघू.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत. पिंढऱ्यांचं मांस गेलं, कातडी लोंबायला लागली. डाव्या पायाचा चवडा खाली झुकला आणि तसाच राहिला. बायको माझ्याशी बोलताना पायांकडं बघेनाशी झाली. मरावं असं रोज वाटायचं. आडात उडी घ्यावी म्हटलं तर आडापर्यंत नामाच्या पाठीवर बसूनच जावं लागलं असतं. हे मी एकदा बायकोला चेष्टेत सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि आडावर फळ्या टाकून घेतल्या. चेष्टा नव्हती हे तिला कळलं होतं.

शिक्षण खात्याचा कागद आला, तोही त्याच सुमारास. येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत हजर व्हावं, नाहीतर सेवानिवृत्ती घ्यावी. कागद मी उशीखाली ठेवला. शाळा गेली तर मी खाटेवरचा माणूस, बाकी कुणी नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

*

चैत्रात धाराशिवच्या दवाखान्यातले कंपाउंडर गफूरमियाँ नात्यातल्या लग्नाला कळंबला आले. वाट वाकडी करून मला भेटायला आले. दारातूनच त्यांनी खाट पाहिली आणि चप्पल काढता काढता थांबले.

"मास्तरसाब, अब तक पलंग पे? सायकल नहीं चलाए?"

मी म्हणालो, सहा महिने आराम करायला सांगितलंय, अजून पंधरा दिवस आहेत. गफूरमियाँनी गोधडी बाजूला केली, डाव्या पायाचा चवडा वर उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला जाईना. त्यांनी जिभेनं चक् केलं.

"आराम करने को कौन बोला? साहब बोले थे, छे महिने में आराम हो जाएगा, सायकल चलाए तो. स्टँड पे खडी करके रोज पायडल मारना. मेरे सामने बोले."

मी उर्दूत शिकलेला माणूस. 'आराम होना' म्हणजे बरं होणं, हे मला दुसऱ्या इयत्तेपासून माहीत होतं. आमच्याकडं खेड्यातली माणसंही तसंच बोलतात, ताप उतरला की आराम पडला म्हणतात. नामाही लहानपणापासून तसंच बोलत आला होता. मग त्यालाच कसं कळलं नाही?

गफूरमियाँ लौकर उठले. ते गेल्यावर मी नामाला हाक मारली. तो उंबऱ्यात उभा राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याला जे बोललो त्यातलं एकच वाक्य लिहितो. मी म्हणालो, "तू माझे पाय खाल्लेस." बायको मध्ये पडली तर तिलाही बोललो. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

मी दमून थांबलो तेव्हा नामा हळूच म्हणाला, "दादा, आई आजारी हुती तवा म्या तुमाला दुपारच्याला गड्याहाती शाळंवर कागद धाडला हुता. आईला आराम हाय, असं लिवलं हुतं. तुमी त्यो कागद तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत धाडला. आराम म्हंजी इश्रांती. बरं हाय म्हनायचं असंल तर बरं हाय असं लिव. म्या त्यो कागद जपून ठिवलाय. तवापासून म्या तसंच धरून चाललो. साहेब आराम म्हणले, मला वाटलं इश्रांती."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यानं घेतलेला धडा म्हणून दाखवला होता आणि तो बरोबर होता. आईच्या आजारपणाच्या पत्रावर मी तांबडी शाई चालवली होती. आई त्या पत्रानंतर महिन्याभरात गेली.

मी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नामानं गोठ्यातून सायकल काढली, खराट्यानं झाडली, साखळीला तेल दिलं आणि अंगणात स्टँडवर उभी केली. मला काही न विचारता उचललं आणि सीटवर बसवलं. मागून दोन्ही बगलांत हात घालून उभा राहिला. डावा पाय पायडलवर राहीना, घसरायचा. बायकोनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून आणला आणि पाय पायडलला बांधला.

पहिल्या दिवशी चाक दोनदा फिरलं. मी घामानं निथळलो आणि ओकलो. तिसऱ्या दिवशी पाच वेळा. आठव्या दिवशी पुन्हा दोन. मला वाटलं होतं, खरा उपाय सापडला म्हणजे आता पाय भराभर येतील. तसं होत नाही. गेलेले महिने पायात तसेच बसून असतात, त्यांना एकेक करून उठवावं लागतं, आणि काही उठतच नाहीत.

पावसाळाभर सायकल गोठ्यात होती. एका बाजूला बैल, एका बाजूला मी. उजव्या मांडीत हळूहळू बळ आलं. श्रावणात मी भिंत धरून उभा राहिलो. डाव्या चवड्यात काही आलं नाही. तो आजही तसाच आहे, चालताना जमिनीला घासतो. काठी घेऊन मी अंगणातल्या तुळशीपर्यंत जातो, परत येतो, आणि तेवढ्यात दमतो. शाळेपर्यंत चालत जाणं या जन्मात नाही, हे मला भाद्रपदातच कळून चुकलं. गाडीवानाची गाडी आता साखर कारखान्याच्या उसाला लागली होती. उरली सायकल.

चिखल वाळल्यावर नामानं मला रस्त्यावर काढलं. तो कॅरिअर धरून मागून पळायचा. पाय बांधलेला, त्यामुळं सायकल डावीकडं कलली की मी तसाच आडवा. नऊ वेळा पडलो. कोपर फुटलं, एकदा दात हलला. बांधलेला पाय मोडू नये म्हणून नामा दर वेळी स्वतः डाव्या अंगाला खाली पडे. त्याच्या गुडघ्यांवर माझ्यापेक्षा जास्त जखमा होत्या. लोक हसायचे. पन्नाशीचे दोन बाप्ये, एक बांधलेला, एक अनवाणी पळणारा. हसू येण्यासारखंच होतं.

एवढ्या सगळ्यात मी त्याची क्षमा मागितली नाही. धर, सोड, हळू, एवढंच बोलायचो. जेवताना तो समोर बसला की मी ताटात बघायचो. जीभ वळत नव्हती असं नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं, आणि दिवस जात होते तसं ते आणखी अवघड होत होतं.

*

दिवाळीची सुट्टी संपली. हजर होण्याच्या दिवशी मी नामाला सांगितलं, मला बसवून दे आणि घरी थांब, माझ्या मागं यायचं नाही. सायकल एकदा चालू लागली की मला चालवता येत होती. अडचण चढण्याची आणि उतरण्याची. ती मी मनाशी सोडवली होती: शाळेपुढं कमरेएवढा ओटा आहे, त्याला लगटून सायकल घ्यायची, ओट्यावर हात टेकायचा, पाय सोडायचा आणि काठीवर उतरायचं. मुख्याध्यापक शाळेत येताना त्याला कुणी उचलून आणलेलं मला चालणार नव्हतं. नामानं मान डोलावली. तुळजाभवानीची शपथ घे म्हणालो, तर शपथही घेतली.

साडेचार मैलांना दीड तास लागला. मांड्या पेटल्या होत्या. दोन ठिकाणी वाटलं, आता नाही. थांबता येत नव्हतं म्हणूनच मी पोचलो.

शाळेच्या पटांगणात शिरलो आणि पाहिलं तर ओट्यावर हात टेकायलाही जागा नव्हती. दुय्यम मास्तरांनी सगळी पोरं ओट्यावर ओळीनं उभी केली होती. मागं गावातली चार मोठी माणसं, एकाच्या हातात हार. मला बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ओट्याच्या कडेनं पुढं गेलो, पटांगणाला वळसा घातला आणि पुन्हा आलो. पोरांना वाटलं, गुरुजी खुशीत आहेत. ती आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागली.

बाजूला व्हा रे, एवढं म्हटलं असतं तर पोरं पळाली असती. मला म्हणता आलं नाही. दुसऱ्या फेरीला माझा उजवा पाय थरथरायला लागला. तिसऱ्या फेरीला दुय्यम मास्तरांच्या ध्यानात आलं, ते ओळ सोडून धावत आले, माझ्या बरोबरीनं पळत म्हणाले, "गुरुजी, धरू का?"

तेवढ्यात मला फाटकापलीकडच्या वाटेवर नामा दिसला. डोक्याचं मुंडासं हातात घेऊन, अनवाणी, मान खाली घालून चालत येत होता. शपथ घेऊनही तो साडेचार मैल माझ्या मागं चालत आला होता, मी वळून बघितलं तर दिसू नये एवढं अंतर ठेवून.

मी मास्तरांना म्हणालो, "नको. माझा भाऊ येतोय. त्यालाच ठाऊक आहे कुठल्या बाजूनं धरायचं." आणि मग मी त्याला हाक मारली. सात महिन्यांत पहिल्यांदा नावानं मारली, सगळ्या शाळेपुढं, अगदी बेंबीच्या देठापासून. "नामा, ये रे. मला उतरव."

त्यानं मान वर केली आणि पळायला लागला. वाट लांब होती. टाळ्या थांबल्या होत्या. मी आणखी दोन फेऱ्या घातल्या, आणि नामा येऊन मला धरेपर्यंत मी पडलो नाही.